पाट बंद असताना घातलेली फरशी

आमच्या भावकीला बाहेरचा माणूस चालत नाही. पत्रा बदलायचा असो, गोठा बांधायचा असो, न्हाणीला सिमेंट करायचं असो, सावड करायची. म्हणजे आज सगळ्यांनी माझ्याकडं राबायचं, उद्या मी त्यांच्याकडं. मजुरी नाही, दुपारचं मटण-भाकरी तेवढं. शहरातली माणसं हे ऐकून माना डोलावतात. म्हणतात, केवढा हा एकोपा! डोंबलाचा एकोपा. त्या एकोप्यानं माझ्या आईचे पाय नेले. मी हे गोड करून सांगणार नाही, मला ते जमणारही नाही.

माझं बारामतीत शिलाईचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं दोन खोल्या. माहेर अंथुर्ण्याच्या अलीकडं, पाटाच्या कडेला, उसातच. तिथं आई, धाकटा भाऊ आणि भावजय. आई गोठ्यात शेणावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन बारामतीत झालं, म्हणून हिंडती-फिरती होईपर्यंत ती माझ्याकडं राहिली.

राहिली म्हणजे काय, अंग चोरून बसली. आमच्याकडच्या जुन्या बायका लेकीच्या घरी पाणीसुद्धा बेतानं पितात. मी चहा दिला की म्हणायची, "अर्धाच दे." जावई आला की पदर सारखा करून भिंतीकडं तोंड. पण चालायच्या बाबतीत मात्र बाई मोठी जिद्दीची. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची, ती म्हणाली होती, "आजी, रोज चाललात तर वॉकरसुद्धा सुटेल. बसलात तर कायमच्या बसाल." आईनं ते गाठीला बांधलं. मशीनपासून ओट्यापर्यंत आणि ओट्यापासून मशीनपर्यंत, दिवसभर वॉकरची ठकठक. गिऱ्हाईक बायका ब्लाऊजचं माप द्यायला उभ्या असायच्या आणि ही त्यांच्यातून वाट काढायची. "सरका गं, माझी गाडी आली!"

तिला एकच गोष्ट हवी होती. आपल्या घरात, आपल्या पायांनी, कुणाचा हात न धरता चुलीपाशी जायचं. त्यात आडवी आली घरची फरशी.

माहेरची जमीन काळी आणि पाट अगदी उशाला. पाटाला पाणी सुटलं की आठ-पंधरा दिवसांत ओल जोत्यातून वर चढते. जुनी शहाबादी फरशी काळी पडायची, सांध्यांतून पांढरा खार फुलायचा, गोणपाट टाकला तर तो खालून भिजायचा. आम्ही जन्मभर त्यावरच वावरलो, पण धडधाकट पायांनी. वॉकरच्या रबरी बुडांचं तसं नसतं, ओल्यावर ती सटकतात. त्या मुलीनं स्पष्ट सांगितलं, फरशी कोरडी आणि सपाट करा, मगच आजींना पाठवा.

भाऊ लगेच म्हणाला, "मग टाइल्स घालू की. त्यात काय एवढं?" माझा भाऊ वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, एकदाच भांडून मोकळी झाले असते.

मी बारामतीतून टाइल्सचं काम करणारा एक मिस्त्री घेऊन गेले. माणूस कामाचा, पण तोंडानं फटकळ आणि वागायला उर्मट. चहा घेतला नाही, टेकला नाही, बूट न काढता थेट आईच्या खोलीत शिरला. भिंतीच्या बुडाचा खार नखानं खरवडला आणि म्हणाला, "नुसत्या टाइल्स घालून काही होणार नाही. हे सगळं उकरायचं. खाली मुरूम आणि खडी ठोकून बसवायची, वर जाड प्लास्टिक, त्यावर सिमेंटचा कोबा. तो पुरता वाळला की मग टाइल्स. आणि आत्ता नाही. पाट सुटू द्या, ओल कुठवर चढते ते बघतो, मग काम धरतो."

"तवर थांबायचं?" भावानं विचारलं.

"घाई असेल तर दुसरा बघा. तुमच्याकडं लोक घरच्या घरी उरकतात आणि मग आम्हाला निस्तरायला बोलवतात."

तात्या तिथंच बाजेवर बसले होते. तात्या म्हणजे आमचे चुलते, सावडीचे म्होरके. आसपासच्या निम्म्या घरांची फरशी त्यांच्या देखरेखीखाली बसलेली. मिस्त्रीची गाडी वळायच्या आत ते म्हणाले, "आलाय मोठा शाना. बुटं घालून घरात येतोय, आन आमाला शिकवतोय!" झालं. मिस्त्रीचं काम त्याच्या बुटांनी घालवलं. तो बोलला ते खरं का खोटं, ते बघायला कुणाला सवड होती?

तरी जाताना त्यानं मला एक सांगितलं होतं. पाट सुटला की प्लास्टिकचा कागद फरशीवर ठेवून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारा, दुसऱ्या दिवशी कागदाखाली थेंब दिसतील. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. म्हटलं, पाट सुटेपर्यंत हे थांबतात कुठले, आत्ताच दाखवते. कागद चिकटवला. दुसऱ्या दिवशी तात्यांनी सगळ्यांसमोर तो उचलला. खाली ठणठणीत कोरडं.

"हे बघ तुजं पानी," तात्या म्हणाले आणि सगळे हसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"तात्या, पाट बंद हाय! आत्ता वल येईल कुठनं?" मी ओरडले. माहेरी गेले की माझीही जीभ तिकडचीच होते.

आता हे कळायला काय शाळा शिकावी लागते? ही सगळी पाण्यावर वाढलेली माणसं. फाट्याला पाणी कधी, पाळी कुणाची, झोपेत विचारा, सांगतील. पण पाट बंद असला की बाप्ये मोकळे असतात. पाणी सुटलं की जो तो आपल्या उसाला पाणी धरायला पळतो, मग सावडीला येणार कोण? म्हणून आमच्याकडं घराची सगळी कामं पाट बंद असतानाच निघतात. कितीतरी घरांच्या फरश्या अशाच कोरड्या दिवसांत बसतात आणि पाणी आलं की फुगतात. शेजारचा ते डोळ्यांनी बघतो आणि आपली फरशी पुन्हा त्याच दिवसांत घालतो. गाढवापुढं वाचली गीता, दुसरं काय.

भावाला मी बाजूला घेतलं. तो म्हणाला, "आक्का, निरवांगीच्या वाटंला तात्याच्या पोराचं घर झालं, तवा मी तितं राबलोय. आता आपली पाळी हाय. मी बाहेरचा मानूस आनला तर भावकी म्हनंल, ह्याला आमी नगं झालो. उद्या अडीनडीला कोन येनार? तुजा मिस्त्री?"

"आन आई पडल्यावर? तिला उचलायला तात्या येनार का?"

"व्हय. सगळ्यात आधी तात्याच येनार."

ते खरं होतं, म्हणून तर माझं डोकं जास्त फिरलं. मिस्त्रीचं काय ते मी बघते म्हटलं, तर म्हणे, "लेकीच्या पैशाची फरशी? लोकं तोंडात श्यान घालतील माज्या." मग मी म्हटलं, आईला विचारू. राहायचंय तिला, चालायचंय तिला. मला वाटलं, आई माझ्या बाजूनं बोलेल. बारामतीला परतल्यावर मी तिला सगळं उलगडून सांगितलं, मुरूम, प्लास्टिक, पाट, सगळं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"त्यांनी माज्या हातच्या भाकरी खाल्ल्यात," ती म्हणाली. "त्यांना न्हाय कसं म्हनू? आन लौकर हुईल की. पाट सुटायची वाट बघत मी हितं किती दिस बसू?"

हितं म्हणजे माझ्या घरात. तिचं हगणं-मुतणं काढलं, केस विंचरले, चालायला लावलं, ते हे हितं. मला ते फार लागलं. मशीनवर जाऊन बसले आणि कुणाचा तरी चांगला ब्लाऊज तिरका शिवला.

सावड झाली. माणसं आली, हसली-खिदळली, मनापासून राबली. खोटं कशाला बोलू, कुणी अंग राखलं नाही. जुन्या शहाबादीवरच वाळू-सिमेंट पसरलं आणि वर पांढऱ्या टाइल्स दाबल्या. अस्तर न लावता रेशमी कापड शिवावं तसं. पण दिसायला फरशी अशी काही झाली, की तात्या वाकून म्हणाले, "तोंड दिसतंय की रं!" वरून कीर्तन, आतून तमाशा. पण त्या दिवशी मलाही वाटलं, टिकेलही कदाचित.

आईला गाडीतून नेलं. भावकीतल्या बायका दोन्ही बाजूंना उभ्या. आई उंबऱ्यातून आत आली, वॉकर टेकवत टेकवत चुलीपाशी गेली, आणि वळून म्हणाली, "सरका गं, माझी गाडी आली." सगळ्या हसल्या. मी रडले. तिनं त्या दिवशी ओट्यावरच्या चुलीसमोर उभं राहून सगळ्यांना चहा केला, मला पूर्ण कप भरून दिला.

मग पाट सुटला.

भावजयीचा फोन आला, दबक्या आवाजात. "आक्का, फरशीला घाम येतोय." नंतर म्हणाली, वॉकर टेकवला की पोकळ आवाज येतोय. मी गेले. आईच्या पायांखाली ठकठकच्या जागी ढबढब वाजत होतं. सांध्यांतून खार वर आलेला, आणि चुलीच्या अलीकडं एका टाइलचा कोपरा बोटभर उचललेला. गुळगुळीत टाइलवर ओल म्हणजे तेल सांडल्यासारखंच. यापेक्षा ती जुनी खडबडीत शहाबादी बरी होती. भावानं गोणपाट अंथरले, तर वॉकरचे पाय त्यात अडकायला लागले. मग त्यानं काळजीनं, अगदी काळजीनं, आईला सांगितलं, "आई, पाट बंद हुईस्तवर तू खाली उतरू नगं."

आई कॉटवर बसली. जेवण कॉटवर, चहा कॉटवर, भांडं कॉटखाली. पाट बंद झाला, फरशी वाळली, पण हललेल्या टाइल्स काही परत बसल्या नाहीत. आणि आईच्या मनात भीती बसली ती बसलीच. मी चल म्हटलं की म्हणायची, "आज राहू दे, उद्या चालते." उद्या पुन्हा उद्या. तोवर पाटाला पुन्हा पाणी. मी म्हटलं, चल माझ्याकडं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करू. म्हणाली, "आता लेकीच्या दारात हातरून धरू व्हय?" आणि ज्याला त्याला भाऊ सांगायचा, "आई पडली न्हाय बरं का. एकदाबी पडली न्हाय." जसं काही बक्षीसच मिळवलंय! पडली असती तर निदान सगळ्यांना दिसलं असतं. बसून राहिलेल्या माणसाचं काय मोडलं, ते कुणाला दिसत नाही.

तिच्या मांड्या हळूहळू वाळल्या. पोटऱ्या माझ्या मनगटाएवढ्या झाल्या.

मग एकदाचा भावाला शहाणपणा सुचला. त्यानं तोच मिस्त्री बोलावला. उकरलं, मुरूम-खडी ठोकली, प्लास्टिक अंथरलं, कोबा केला, वाळू दिला, मग टाइल्स. तोवर आई शेजारी तात्यांच्या सोप्यात होती. आणि ज्या भावकीच्या भीतीनं हे सगळं झालं, ती भावकी काय म्हणाली असेल? काही नाही. एका शब्दानं कुणी रुसलं नाही. तात्या तर रोज काम बघायला यायचे, मिस्त्रीच्या बुटांकडं न बघता. पुढं त्यालाच आपल्या घरी घेऊन गेले. म्हणाले, "मानूस तोंडाळ हाय, पर काम पक्कं करतो." हे ऐकून हसावं का कपाळ बडवून घ्यावं, मला अजून कळत नाही.

मी पाटाला पाणी असतानाच मुद्दाम गेले. भाऊ दारातच म्हणाला, "आक्का, कागद चिकटवून बघितला. थेंब न्हाय." त्याचा चेहरा असा, की मी शाबासकी द्यावी. बैल गेला अन् झोपा केला, हे ओठांवर आलं होतं. त्याच्या तोंडाकडं बघून गिळलं.

फरशी खरंच कोरडी होती. मी चप्पल काढून चुलीपर्यंत चालत गेले, सांध्यावर बोट फिरवलं. कणभर खार नाही. आम्ही दोघांनी दोन बाजूंनी आईला उभं केलं. तिचे गुडघे लगेच दुमडले. पुन्हा उभं केलं, पुन्हा दुमडले. मग तिला कॉटच्या कडेला बसवलं आणि मी तिचे पाय धरून फरशीला टेकवले.

तिनं तळवे थोडे घासून बघितले. "कोरडी हाय," म्हणाली. "चांगली घातली."

"हाय की," भाऊ म्हणाला.

"माझी गाडी कुठाय?"

भावजयीनं मागच्या दाराकडं बघितलं. वॉकर तिथं उन्हात उभा होता, त्यावर नातवाची चड्डी आणि दोन टॉवेल वाळत घातलेले. ती गडबडीनं काढायला धावली.

"राहू दे गं," आई म्हणाली. "वाळू देत." आणि दोन्ही हातांनी आपला एक पाय उचलून कॉटवर घेतला, मग दुसरा.