प्रिय बंधू, आज चाललात का?

माझे सासरे पुण्याहून आमच्याकडे न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला राहायला आले आणि तिसऱ्याच आठवड्यात चक्कर येऊन बाथरूमच्या दाराला टेकले. मी हातापाया पडले, "बाबा, बीपी तपासून घ्या." तर म्हणाले, "मला काय धाड भरलीय?" मग मी जी काही ओरडले! नवरा गपचूप गाडी धुवायला निघून गेला. सासूबाई अशाच चक्कर येण्याकडे दुर्लक्ष करून देवाघरी गेल्या होत्या. माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

त्याच सुमारास शेजारीण आली. ती कोलंबियाची, पेशाने नर्स. तिच्या चर्चमधल्या स्पॅनिश बोलणाऱ्या मंडळींना तिला रोज सकाळी तब्येतीचा मेसेज पाठवायचा होता. "तू आयटीतली, तुला जमेल." जमवलं. ट्रायलसाठी एक नंबर हवा म्हणून बाबांचा टाकला आणि काढायला साफ विसरले. कर्म माझं!

महिन्याभरात बाबा जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून रोज नदीकाठी चालायला लागले. पापड बंद, लोणचं बंद. मी चाट! "बाबा, कोणाचं ऐकताय एवढं?"

त्यांनी ऐटीत फोन पुढे केला. मूळ मेसेज स्पॅनिश, खाली फोनने केलेलं मराठी: "प्रिय बंधू, देवाने पाय दिलेत ते सोफ्यावर ठेवायला नाहीत." अगं बाई, हा तर शेजारणीसाठी मीच लावलेला मेसेज!

"बघ, या बाई किती गोड बोलतात," बाबा म्हणाले. "तुझ्यासारख्या खेकसत नाहीत."

मी तडक उठले. घरातल्या लाँड्रीत जाऊन टॉवेलात तोंड खुपसून पोट दुखेपर्यंत हसले.

पुढच्या रविवारी चर्चच्या हॉलमध्ये बीपी तपासणी होती, तिचं आमंत्रणही मेसेजातून गेलं होतं. बाबा इस्त्रीचा झब्बा चढवून, "जरा फिरून येतो," म्हणत सटकले. तासाभराने शेजारणीचा फोन, "लवकर ये!" धावत पोचले, तर बाबा खुर्चीत मधोमध बसलेले आणि चर्चमधल्या पाच-सहा काकवा त्यांच्या रीतीप्रमाणे स्वागत म्हणून आळीपाळीने त्यांच्या गालाचे पापे घेतायत! बाबा लाजून लालबुंद. स्पॅनिश येईना, म्हणून प्रत्येकीला इथला माओरी नमस्कार, "किआ ओरा, किआ ओरा". मी फिस्सकन हसले.

शेजारीण मात्र हसत नव्हती. "बीपी फार वर आहे. आत्ताच्या आत्ता डॉक्टर." आणि काय आश्चर्य, बाबा निमूटपणे उठले. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. गोळ्या सुरू झाल्या, आणि मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

आठवड्याने शेजारीण फोन घेऊन आली. तिने एका मेसेजात सगळ्यांना विचारलं होतं, तुम्ही कोणासाठी चालता? कोणी लिहिलं होतं येशूसाठी, कोणी नातवंडांसाठी. एक उत्तर तिला वाचता येईना.

"ही तुमच्याच भाषेतली अक्षरं ना? काय लिहिलंय?"

बाबांनी लिहिलं होतं, "सुनेसाठी. ओरडते फार, पण घाबरलेली असते."