उभाऱ्या नसलेली बंडी

बेलपेठच्या गुरुवारच्या बाजारात केवळरामची बैलबंडी दुरूनच ओळखू येई, कारण तिला उभाऱ्या नसत. उभारी म्हणजे बंडीच्या कडेच्या भोकात खोवलेला ऐनाच्या लाकडाचा दांडा. माल बाहेर पडू नये म्हणून असे दांडे दोन्ही बाजूंना उभे असतात. चांद्याकडच्या माणसाला उभारीचा दुसरा उपयोगही चांगला माहीत. भांडण पेटलं की हात आपोआप तिच्याकडे जातो, आणि नीट बसली तर एकाच घावात समोरचा आडवा होतो. केवळरामचा हात तर भांडण पेटायच्या आधीच तिथं पोचलेला असे. त्या उभाऱ्या काढल्या त्याच्या बायकोनं, कुंतानं. तिचीच ही गोष्ट.

बेलपेठला भांडण व्हायचं ते जागेवरून. मीठ, रॉकेल, गूळ मिळायचं ते एकट्या शेठच्या किराणा दुकानात. पूर्वी दुकानापुढं दहा-बारा बंड्या सुखानं उभ्या राहत. मग शेठनं गोदाम बांधलं, गोदामाला पडवी काढली, पडवीपुढं ओटा घातला, आणि ओटा नि तलावाची पाळ यांच्यामध्ये जेमतेम तीन बंड्यांची जागा उरली. बाजाराला मात्र आसपासची सगळी गावं येत. कोणी तक्रार केली की शेठ तराजूवरून नजर न काढता म्हणे, "बंड्या तुमच्या, बैल तुमचे. मी काय करू भाऊ?" या माणसाच्या ओट्यापायी इतकी डोकी फुटली, पण त्याच्या पांढऱ्या धोतराला कधी रक्ताचा शिंतोडा लागला नाही. असल्या माणसांना तो लागतच नाही.

लोकांनी आपसात एक रीत पाडून घेतली होती. बैल सोडून ज्यानं बंडीचं जू आधी जमिनीला टेकवलं, जागा त्याची. टेकलेलं जू दुसऱ्यानं उचलायचं नाही. उचलणं म्हणजे भर बाजारात थोबाडीत मारणं.

एका गुरुवारी लटारूनं केवळरामचं जू उचललं. लटारू हसतमुख पोरगा, दोन गावं पलीकडच्या बापूजीचा धाकटा भाऊ. मिठाची पोती चढवायला अडचण होत होती म्हणून त्यानं बंडी जराशी सरकवली, एवढंच. केवळराम तेलाचा डबा घेऊन दुकानातून बाहेर आला. त्यानं ते पाहिलं, डबा खाली ठेवला, उभारी उपसली आणि लटारूच्या डोक्यात घातली. लटारू मेला नाही. खाटेवरून उठला तो मुका होऊन उठला. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळायची आणि तोंडातून नुसतं आं आं निघायचं.

जातीच्या पंचांनी प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ दिलं नाही. पंचांच्या हुकमावरून केवळरामनं भर बैठकीत बापूजीचे पाय धरले. बापूजीनं पाय सोडवून घेतले.

"पंचाईचं पंचाईपाशी," तो म्हणाला. "केवळराम, तुह्यी बंडी बाजारात दिसली का मी जू उचलीन. तू मार. मंग पाहू आपण."

बैठकीच्या कडेला बसलेल्या कुंतानं ते ऐकलं. नवरा तिला पुरता माहीत होता. याच्या हातून आता खून होणार आणि हा फासावर जाणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका उरली नाही. पुढच्या बाजाराच्या सकाळी केवळराम बैल जुंपायला गेला, तर बंडीला एकही उभारी नव्हती.

"उभाऱ्या कोठी गेल्या वं?"

"चुलीत. त्यायच्यावरच भात शिजला तुमचा."

त्यानं तिला मारलं. ओठ फाटेस्तोवर मारलं. ती मार खात खात सांगत राहिली, "मले मारा. घरात मारा. बाजारात नाई मारू देणार." त्यानं नव्या उभाऱ्या तासल्या, तिनं त्याही जाळल्या. पुन्हा मार, पुन्हा चूल. असे किती बाजार गेले कोण जाणे. लोक हसत, "केवळरामची बंडी लंगोट सोडून आली" म्हणत. मग एका बाजारात ओट्याच्या कडेला बसलेला लटारू त्याला दिसला. भावजय शकुबाई, बापूजीची बायको, पदरानं त्याची लाळ पुसत होती. केवळराम बराच वेळ पाहत राहिला, आणि त्यानंतर त्यानं उभाऱ्या तासल्या नाहीत. कुंतावर हात टाकायचाही सोडला. कुंताला वाटलं, जिंकली आपण. बिचारीला खरंच तसं वाटलं.

देशाच्या दुसऱ्या निवडणुकीच्या साली, उन्हाळ्यात, ती दोघं बाजाराला आली. इतके दिवस बापूजीला चुकवून ती दूर पाळीखाली बंडी सोडत. त्या दिवशी ओट्यापुढं एक जागा मोकळी होती आणि कुंताला ताप होता. केवळराम म्हणाला, "आज तुले चालवत नाई. इथीच टेकवू." त्यानं जू टेकवलं आणि तो दुकानात गेला. कुंता बंडीतच पडून राहिली.

बापूजीची बंडी आली ती अगदी खेटून थांबली. मागं शकुबाई आणि लटारू बसलेले. बापूजी उतरला, केवळरामच्या बंडीचं जू त्यानं दोन्ही हातांनी उचललं आणि जोरानं वर झुगारलं. बंडी मागं उलटली. कुंता आत आहे हे त्याला दिसलं नव्हतं. ती पाठीवर दगडांत आदळली.

केवळराम धावत आला. भोवती लोक जमले. त्यानं आधी कुंताकडे पाहिलं, मग बापूजीकडे, आणि हात जोडले.

"बापूभाऊ, जागा घे. मी बंडी हटवतो."

केवळरामच्या तोंडून असलं वाक्य बेलपेठनं कधी ऐकलं नव्हतं. बापूजीनंही नव्हतं, आणि त्यामुळंच तो आणखी पेटला असावा.

"आता हात जोडते! माह्या भावाले वाचा होती, तवा काऊन नाई जोडले?"

त्यानं आपल्या बंडीची उभारी उपसली. पहिला घाव गुडघ्यावर बसला, दुसरा खांद्यावर. केवळराम कोसळला तशी बरगड्यांवर सुरुवात झाली. बैल बुजले, दावी तोडून गर्दीत घुसले, लोक वाट फुटेल तिकडं पळाले, सगळीकडं धूळच धूळ झाली. शकुबाई ओट्याकडं किंचाळत धावली. केवळराम डोकं हातांत धरून पडला होता. उलटून एक लाथसुद्धा मारत नव्हता. याला आपण मारेकरी होऊ दिला नाही, आणि आता आपणच याला मरायला आणून घातलंय, हे कुंताला लख्ख कळलं. ती उठली. बापूजीची बंडी हाताशीच होती. तिनं उभारी उपसली आणि बापूजीच्या कानामागं घातली.

एकच घाव. बापूजी पुन्हा उठला नाही.

केवळराम सरपटत आला आणि त्यानं उभारी धरली.

"सोड."

"मीनं मारली... मीनं..."

"सोड म्हणतो ना. माह्या हातात दिसली त कोणी काई पुसणार नाई."

तापानं आणि भीतीनं तिची बोटं सैल पडली. धूळ बसून लोक परतले तेव्हा उभारी केवळरामच्या हातात होती. सगळ्यांनी तीच पाहिली आणि सगळ्यांनी तीच सांगितली. खोटं कोणीच बोललं नाही. शेठनंही ओट्यावरून जे दिसलं तेच सांगितलं. केवळराम म्हणाला, "हाव, मीनं मारली." ज्या माणसानं जन्मभर सगळ्यांना मारलं, तो ज्या एका दिवशी हात जोडून उभा राहिला, त्याच दिवसाची जन्मठेप त्याला झाली.

कुंता कोर्टात ओरडली, "मीनं मारली, साहेब, मीनं!" वकील गालात हसला. गावचे लोक डोळे पुसत म्हणाले, बायको असावी तर अशी. जिनं वर्षभर उभाऱ्या जाळल्या, ती उभारी उचलेल हे कोणाला पटणार?

आता ती एकटीच बाजाराला येते. ओट्यापुढची एक जागा तिच्यासाठी लोक आपणहून सोडतात. तिनं जू टेकवलं की लटारू उठून समोर येतो. त्या मारामारीच्या दिवशी तो बापूजीच्या बंडीतून उतरला नव्हता, शेवटपर्यंत तिथंच बसून होता. तो हात डोक्यावर नेतो, घाव घातल्यासारखा खाली आणतो, आणि तिच्याकडं बोट दाखवतो. आं, आं, आं.

शकुबाई त्याला ओढते. "अरे, ते नाई रे बाबू. तिचा नवरा. ते बिचारी काय करन?"

"शकुबाई," कुंता म्हणते, दर गुरुवारी म्हणते, "तो खरं सांगून राह्यला."

शकुबाई तिच्या खांद्यावर हात ठेवते, आणि मुक्या दिराला घेऊन निघून जाते.