आत्याच्या ट्रंकेतला गूळ

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. एकोणिसाव्या वर्षापासून मला टाइप वन डायबेटिस आहे. अशा माणसाचा विश्वास फक्त मशीनवरच्या आकड्यावर असतो. ‘बरं वाटतंय’ हेसुद्धा मी बोट टोचून बघितल्याशिवाय म्हणत नाही! तरी गेल्या उन्हाळ्यात पोशीरला जे झालं ते लिहितेय... हसायचं तर हसा.

पोशीरला माझी आत्या राहायची, मी खालापूरला. माझा आजार सापडला तेव्हा आई-बाबांचं अवसानच गळालं, म्हणून पनवेलच्या हॉस्पिटलात माझ्यासोबत आली ती आत्याच. उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग केसपेपरची रांग, मग डॉक्टरांची. आता जन्मभर सुया टोचायच्या हे कळल्यावर मी बाकड्यावर बसून हमसून हमसून रडत होते. आत्याने पिशवीतून भाकरी काढली, माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, “आदी खा. मंग रड.”

पुढे कित्येक वर्षं आम्ही दोघींनी ते हॉस्पिटल पालथं घातलं. कुठल्या खिडकीवर आधी जायचं, कुठली सिस्टर नीट समजावून सांगते, सगळं आत्याला पाठ. डॉक्टर घाईने फाईल मिटायला लागले की ही म्हणायची, “सायेब, थांबा. पोरीचं इचारून झालं नाय.” मला मेली लाज वाटायची.

म्हातारपणी तिलाच शुगर निघाली. आणि बाई कमालीची गूळखाऊ! मला पथ्य शिकवणारी स्वतः चोरून गूळ खायची. शेवटी वहिनीने, म्हणजे तिच्या सुनेने, घरात गूळ आणणंच बंद केलं.

गेल्या उन्हाळ्यात आत्या गेली. हार्टचं निमित्त झालं. पुरुष तिला घेऊन स्मशानात गेले, आम्ही बायका घरी. चूल बंद. शेजाऱ्यांनी पिठलं-भात आणून झाकून ठेवला होता. दुपारी माझ्या आतेभावाचा, दादाचा, फोन आला — “निघालोय.” मी शुगर तपासली आणि मागच्या खोलीत जाऊन इंजेक्शन घेतलं. हे इंजेक्शन घेतलं की लगेच जेवावं लागतं, नाहीतर शुगर धाडकन खाली येते. पण एक गोष्ट मी साफ विसरले. माणसं आली तरी सगळ्यांच्या आंघोळी झाल्याशिवाय सुतकाच्या घरात पान वाढत नाहीत... आणि मोरी एकच!

मशीन आणि इंजेक्शनचं पाऊच जवळ होतं, पण ग्लुकोजची पुडी पर्समध्ये, पर्स गाडीत, आणि गाडी घेऊन माझे मिस्टर एका म्हाताऱ्या नातेवाइकाला नेरळ स्टेशनवर सोडायला गेलेले. आत्या सरणावर आणि भाची जेवायला मागते — कसं दिसलं असतं ते? मी गप्प बसले.

आधी घाम आला, मग हात थरथरायला लागले. पण तिथे सगळ्याच रडत होत्या, माझ्याकडे वेगळं कोण बघणार? शेजारची बाई पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “रड बाय, मोकळी हो.” मला ‘साखर’ म्हणायचं होतं. जीभच वळेना. आत्याला ठेवलं होतं त्या जागी दिवा लावला होता, त्याचे मला दोन दिसायला लागले. खरं सांगते, तेव्हा मी घाबरले. आपण हिच्या मागोमाग जाणार असं वाटलं.

तेवढ्यात कोणीतरी माझी मूठ उघडली. हात खरखरीत होता. तळव्यावर काहीतरी ठेवलं आणि अगदी कानाशी आवाज आला, “आदी खा. मंग रड.”

मी खाल्लं. गूळ होता.

भानावर आल्यावर मशीन लावलं. शुगर कमीच होती, पण वर येत होती. वहिनीला विचारलं, “गूळ कोणी दिला गं?”

ती म्हणाली, “या घरात गूळ कुठं हाय, ताई? तुमाला ठाव नाय का?”

शेजारची बाई म्हणाली, तुझ्याजवळ कोणीच आलं नाही. पण माझा हात चिकट होता. संध्याकाळी ओढणीच्या टोकाला मुंग्या लागल्या.

तेराव्यानंतर दादाने आत्याची ट्रंक उघडली. तिला कायम कुलूप असायचं. आत्याच्या कमरेची किल्ली बायकांनी तिला न्हाऊ घालताना काढून त्याच्याकडे दिली होती, ती त्याच्याच खिशात होती, आणि मला गूळ मिळाला तेव्हा तो अजून स्मशानातून परतलाही नव्हता. लुगड्यांच्या तळाशी फडक्यात बांधलेला गूळ निघाला. “बघा, आईंनी इथं लपवलाय!” म्हणत वहिनी हसायला लागली आणि हसता हसता रडली. मी त्यातला एक खडा मागून घेतला.

पुढच्या खेपेला डॉक्टर फाईल मिटायला लागले तेव्हा मी म्हटलं, “सर, थांबा. माझं विचारून झालं नाही.” आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, “शुगर इतकी खाली गेली की भास होतात. तुम्हीच उठून कुठूनतरी खाल्लं असेल, आठवत नसेल.”

“कुलूपबंद ट्रंकेतून?”

त्यांनी फाईल मिटली. मग म्हणाले, “पर्स जवळ ठेवत जा.”

ठेवते. त्यात ग्लुकोज असतं, बिस्किटं असतात, आणि आत्याचा तो खडाही असतो. बाकी सगळं वेळेला खाल्लं जातं. तो मात्र अजून तसाच आहे... खाल्ला की संपेल ना.