कॅप्टनच्या तंबूतलं सामान

नेकारसुल्मला आमच्या शेजारी राहणारे जर्मन आजोबा दर उन्हाळ्यात एक शनिवार-रविवार कॅप्टन होत. अमेरिकेतलं यादवी युद्ध हौसेनं खेळणारी मंडळं इथे जर्मनीत आहेत. कुरणात तंबू ठोकून राहतात. लढाईत आजोबांना रस नव्हता. त्यांना अधिकाऱ्याचा तंबू मांडायला आवडे. घडीची खाट, घडीचं टेबल, मेणबत्तीचा कंदील, ताटल्या-चमच्यांची लाकडी पेटी. बरंचसं तळघरात स्वतः तासून केलेलं.

मार्चमध्ये ते पडले आणि हॉस्पिटलातून थेट वृद्धाश्रमात गेले. त्यांच्या मुलीचा हाम्बुर्गहून फोन आला. "घर सोडायचंय. तळघरातलं मला काही नको."

मी म्हटलं, मी बघते. वही काढली, सत्तावीस नग लिहिले, श्पेरम्युलची तारीख घेतली. त्या दिवशी मोठं सामान रस्त्याकडेला ठेवायचं, पालिकेची गाडी नेते.

"आजोबांना विचारलंस?" नवऱ्यानं विचारलं.

"मुलीनं सांगितलंय."

"सामान मुलीचं आहे का?"

"आधी टेबल धर त्या बाजूनं."

कंदिलाची काच मी काढली आणि नियमाप्रमाणे घरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. गाडी सकाळी सातला आली. सत्तावीस खुणा झाल्या.

रविवारी केक घेऊन आजोबांना भेटायला गेले. ते खिडकीशी ताठ बसले होते.

"बरं झालं आलात. वही आहे ना? तुमच्याकडे असतेच. मेमध्ये छावणी आहे. डॉक्टर म्हणतात, व्हीलचेअरवरून एक दिवस जायला हरकत नाही. लिहा."

"आजोबा, मला जरा..."

"आधी लिहा, नाहीतर विसरेन. खाट. तिच्या डाव्या पायाचा खिळा सैल आहे, ठोकून घ्या. कंदील जुन्या टॉवेलात गुंडाळा, तशी काच आता मिळत नाही."

मी लिहिलं. दोनदा पेन थांबवलं. दोन्ही वेळा त्यांनी पुढची वस्तू सांगितली. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज असा ऐकला नव्हता. नर्स दारातून डोकावली, हसली आणि गेली.

"वाचून दाखवा."

मी वाचलं.

"पेटीत कॉफीचे मग दोन लिहा. कुणी ना कुणी येतंच कॅप्टनकडे कॉफीला."

एक खोडून मी दोन केले.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले. "तुमच्या गाडीत मावेल ना सगळं?"

"मावेल," मी म्हणाले.