सुताराच्या दोन खुणा

जुन्या नाशकातल्या वाड्यांची नोंद करण्याचे काम मी स्वीकारले, तेव्हा माझ्याजवळ भौतिकशास्त्राची पदवी, लाकडातली ओल मोजणारे एक यंत्र आणि स्वतःविषयीचा भरपूर विश्वास होता. वाड्यांवर लिहिणारी माणसे फार लवकर हळवी होतात, असे माझे मत होते. मी कॉलेज रोडच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर वाढले. कोणत्याही वाड्याशी माझी कसलीच आठवण जोडलेली नव्हती, आणि मुलाखतीत मी हीच माझी पात्रता म्हणून सांगितली होती. माझी निवड झाली.

ज्या वाड्याविषयी मी लिहिते आहे, तो भांडी बाजारापासून नदीकडे उतरणाऱ्या एका बोळात आहे. पडका मुळीच नाही. खाली तांब्यापितळेच्या भांड्यांचे गोदाम, वर बारावीच्या शिकवण्या, आणि मालक गंगापूर रोडला राहायला. दर्शनी बाजू दोन्ही मजल्यांवर सागवानी, खांबांवर केळफुले कोरलेली. आमच्या संस्थेने अशा काही निवडक वाड्यांवर माहितीच्या पाट्या लावायचे ठरवले होते, मराठीत आणि इंग्रजीत. त्यांचा मजकूर लिहिण्याची जबाबदारी माझी होती.

आबा सुतार मला तिथेच भेटले. गोदामाचे दार पावसाने फुगले होते, म्हणून ते रंधा घेऊन आले होते. पंचाहत्तरी उलटलेले, गुडघ्यांनी अधू, पण हात स्थिर. मी खांबाला यंत्र लावून उभी होते. त्यांनी काही वेळ ते पाहिले आणि विचारले, "ताई, ताप आहे का त्याला?"

"ओल मोजतेय, आबा."

"किती निघाली?"

मी आकडा सांगितला. त्यांनी बोटाच्या पेराने खांबावर दोनदा वाजवले, कान दिला आणि म्हणाले, "बरोबर सांगतं तुमचं मशीन. हुशार आहे." मग पुन्हा दाराकडे वळता वळता, जणू हवापाण्याविषयी बोलावे तसे सांगितले, "माझ्या आजोबांनी उभा केला हा वाडा. सटाण्याहून आले होते."

"सगळा?"

"खालपासून वरपर्यंत."

पुढचे तीन महिने ते जवळजवळ दर शनिवारी येत राहिले. मुलगा अंबडच्या कारखान्यात, सून शाळेत शिक्षिका. घरी बसून काय करायचे, असे म्हणत. मी पुस्तकांतून शिकले नसते ते त्यांनी मला तळमजल्यावर उकिडवे बसून दाखवले. सुतार आधी सगळा सांगाडा जमिनीवरच जुळवून पाहतो. तुळईचे टोक आणि खांबातली त्याची खाच, दोन्हींवर पटाशीने सारखेच घाव घालतो: एक, दोन, तीन. मग सगळे सुटे करून पुन्हा त्याच क्रमाने चढवतो. तळमजल्यावरचे ते सरळ, बारीक घाव आबा बोटाने चाचपत मोजायचे. वरच्या मजल्यावर मात्र आम्ही गेलो नाही. तिथे शिकवणीची मुले असत, आणि जिना आबांच्या गुडघ्यांना झेपणारा नव्हता.

माझा एक नियम होता. दोन स्वतंत्र पुरावे मिळाल्याशिवाय कोणाचेही नाव लिहायचे नाही. आबांची आठवण हा एक पुरावा. दुसरा मालकांच्या दप्तरात सापडला: एक मोडी कागद, त्यात सटाण्याच्या सुताराचा उल्लेख, आणि नाव तेच, आबांनी सांगितलेले. मी पाटीचा मजकूर तयार केला आणि त्यांना वाचून दाखवला. आजोबांचे नाव दुसऱ्याच ओळीत होते.

"परत वाचा," आबा म्हणाले.

मी परत वाचला.

"इंग्रजीतपण हेच?"

"हेच."

"मग सटाण्याला कळवतो," ते म्हणाले. "भावकीतले म्हणतात, आबा नाशकात जाऊन गप्पा हाणायला शिकला."

त्यानंतरच्या दिवाळीच्या सुट्टीत शिकवण्या बंद असताना मी शिडी घेऊन वरच्या मजल्यावर चढले. तिथल्या खुणा वेगळ्या होत्या. घाव सरळ नव्हते. प्रत्येक घाव अर्धचंद्रासारखा, गोल पटाशीने घातलेला. एकही अपवाद नाही. मी त्यांची छायाचित्रे घेतली, मोजमापे घेतली, आणि संध्याकाळपर्यंत निष्कर्षाला पोचले: हत्यार वेगळे, म्हणून हात वेगळा, आणि बहुधा काळही वेगळा. वाडा दोन टप्प्यांत, दोन निरनिराळ्या कारागिरांनी उभारलेला असणार. सटाण्याच्या सुताराने यातला कोणता मजला केला हे मोडी कागदावरून ठरत नव्हते. आबांचे "खालपासून वरपर्यंत" तर उघडच चुकीचे ठरत होते, आणि एका बाबतीत चुकलेला साक्षीदार दुसऱ्या बाबतीत ग्राह्य कसा मानायचा?

हे लिहिताना एक गोष्ट लपवणे योग्य होणार नाही. त्याच सुमारास मी परदेशातल्या एका शिष्यवृत्तीसाठी अर्ज करत होते, आणि सोबत एक शोधनिबंध जोडायचा होता. एका सुताराने एक वाडा बांधला, यात निबंध होत नाही. दोन खुणा, दोन कार्यशाळा, दोन काळ, यात होतो. निष्कर्ष मला सोयीचा होता म्हणून मी तो काढला, असे मी म्हणणार नाही. पण सोयीचा होता म्हणून तो पुन्हा तपासला नाही, एवढे कबूल करायला हवे.

आबांना विचारणे सहज शक्य होते. ते मी जाणूनबुजून टाळले. ज्याला विशिष्ट उत्तर हवे आहे त्याला मापनपट्टी वाचायला देऊ नये, हे प्रयोगशाळेत पहिल्याच वर्षी शिकवतात. वरच्या खुणांविषयी विचारले असते तर आबांनी आपल्या बाजूने काहीतरी जुळवून सांगितले असते, अशी माझी खात्री होती. मी या खबरदारीचा निबंधात उल्लेखही केला.

पाटी छपाईला जाण्याआधी मी मजकूर बदलला. "अज्ञात कारागिरांनी दोन टप्प्यांत उभारलेला." मालकांच्या पूर्वजांचे नाव जिथल्या तिथे राहिले, कारण खरेदीखत होते. त्यांनी एक फळी तरी उचलली होती का, हे कोणी विचारत नाही. आबांना फोन करायचा होता. पण फोनवर हे नीट सांगता येणार नाही, छायाचित्रे दाखवून समोरासमोर समजावू, असे ठरवून मी तो पुढे ढकलला. दुसऱ्या दिवशी अर्जाचे काम होते. तिसऱ्या दिवशीही होते.

पाटीचे अनावरण रविवारी सकाळी होते. बोळाच्या तोंडाशी एक जीप येऊन थांबली आणि तिच्यातून आबांची भावकी उतरली: नऊवारीतल्या दोन म्हाताऱ्या, फेटा बांधलेले एक चुलतभाऊ, आणखी तीनचार जण. आबा कोऱ्या टोपीत पुढे. सून त्यांच्या शेजारी. प्रमुख पाहुण्यांनी पडदा ओढला, टाळ्या झाल्या, आणि गर्दी पांगल्यावर ती सगळी माणसे पाटीजवळ गेली. मी प्रमुख पाहुण्यांशी बोलत होते, पण मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

सुनेने वाचून संपवले. "आबा, यात नाव नाही."

"खाली बघ. खाली असंल."

"खाली मालकांचं आहे."

"मग इंग्रजीत असंल. ते लोक लिहितात सविस्तर."

ती इंग्रजी मजकूरही ओळ न ओळ, ओठांतल्या ओठांत वाचत गेली. शाळेत मुलांचे पेपर तपासताना वाचत असावी तशी, एखादा गुण कुठे देता येतो का हे शोधत. "इंग्रजीतही नाही, आबा."

फेटेवाले चुलतभाऊ मोठ्याने हसले. "आबा, डिझेल फुकट गयं ना!" बाकीचेही हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हते. आपल्या माणसाची खेचावी तसेच ते होते. आबांनी एकदा माझ्याकडे पाहिले. ते माझ्याकडे आले असते तर मी छायाचित्रे दाखवली असती, मुद्देसूद बोलले असते. ते आले नाहीत. "आलोच आहोत तर गंगेवर जाऊन येऊ," असे म्हणून त्यांनी सगळ्यांना गोदावरीकडे नेले.

मला शिष्यवृत्ती मिळाली. निबंध छापून आला. दीड वर्षाने परतले तेव्हा सटाण्याजवळच्या एका गावात एक जुने घर उतरवले जात असल्याचे कळले, म्हणून नोंद करायला गेले. अंगणात लाकडांच्या दोन राशी होत्या. काम पाहणारा सुतार चाळिशीचा असेल. मी सवयीने खुणा पाहिल्या, आणि एका राशीत सरळ घाव, दुसऱ्या राशीत गोल, हे दिसताच त्याला माहिती पुरवली, "म्हणजे हे घरही दोन वेळा बांधलेलं दिसतंय."

"दोनदा कशाला बांधतील, मॅडम? ही खालच्या मजल्याची, ती वरच्याची."

"मग हत्यार वेगळं का?"

"खालच्याला सरळ पटाशी, वरच्याला गोल. दोन्हीकडं एक-दोन-तीनच असतं ना. ढिगात पडल्यावर वरची तुळई खाली गेली तर?"

"सगळेच सुतार असं करतात?"

"ज्याला दोनदा चढवायचं नसंल तो करतो," तो म्हणाला, आणि त्याच्या हाताखालची माणसे हसली.

या संभाषणाला अर्धे मिनिट लागले असेल. एवढेच अर्धे मिनिट मी आबांना नाकारले होते. मी त्याच आठवड्यात नियतकालिकाला दुरुस्ती पाठवली, त्यांनी ती छापली. शिष्यवृत्ती कोणी परत मागितली नाही. माझे काहीही नुकसान झाले नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे.

आबा सिडकोत मुलाकडे राहतात. मी गेले तेव्हा ते गॅलरीत बसून नातीच्या पाटाचा पाय बसवत होते. मी सगळे सांगितले.

"हे तर मी सांगितलं असतं," ते शेवटी म्हणाले. "विचारलं का नाही?"

"आबा, तुमचा त्यात संबंध होता. ज्याचा संबंध असतो त्याला विचारायचं नाही, अशी आमच्यात पद्धत आहे."

त्यांनी यावर खरोखर विचार केला. "ज्याचा त्यात काहीच संबंध नाही," ते म्हणाले, "त्याला कशाला ठाऊक असंल?"

मी नव्या पाटीविषयी बोलले. संस्थेने मान्यता दिली होती, नाव पुन्हा दुसऱ्या ओळीत येणार होते. आबांनी हात हलवला. "आता नको. आता लावलंत तर म्हणतील, म्हाताऱ्यानं ताईंच्या हातापाया पडून लावून घेतलं."

चहा घेऊन आलेल्या सुनेने उरलेले सांगितले. सटाण्याला आता त्यांना "पाटीवाले आबा" म्हणतात. त्या रविवारनंतर ते सटाण्याच्या एकाही लग्नाला गेलेले नाहीत. दरवेळी गुडघ्यांचे कारण.

"मी येऊन सांगितलं तर?" मी विचारले. "सगळ्यांसमोर. चूक माझी होती म्हणून."

सून म्हणाली, पुतणीचे लग्न आहे, वैशाखात. आबांनी पाटाचा पाय हलवून पाहिला. "जेवायला या," ते म्हणाले. "तो विषय मात्र काढू नका."

मी गेले, आणि विषय काढला. पंगतीच्या आधी मांडवात सगळे बसलेले असताना फेटेवाल्या चुलतभावांनीच मला ओळखून हाक मारली, "या, या, पाटीवाल्या मॅडम!" मी उभी राहिले आणि साध्या मराठीत सांगितले: वाडा आबांच्या आजोबांचाच, खालपासून वरपर्यंत, खुणा वाचताना मी चुकले, आबा पहिल्यापासून खरे बोलत होते. मोबाइलवर दोन्ही खुणांची छायाचित्रेही काढून धरली.

मग चुलतभाऊ उठले आणि हात जोडून म्हणाले, "मॅडम, एवढ्या उन्हात आबांसाठी आल्या. मोठं मन तुमचं."

"आबानं माणसं जोडली, हे खरं," एक म्हातारी म्हणाली.

"म्हाताऱ्याचं मन राखलं पोरीनं," दुसरी तिच्या कानाशी, पण मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने बोलली.

मोबाइल कोणी हातात घेतला नाही. त्यांच्या डोळ्यांत माझ्याविषयी खरी माया होती, आणि मी सांगितलेल्यातले एक अक्षरही त्यांना खरे वाटले नव्हते. आबांच्या ते माझ्याआधी लक्षात आले असावे. ते माझ्याकडे न पाहता वाढप्याला म्हणाले, "ताईंना आधी बसवा. लांब जायचंय त्यांना."

जेवताना ते माझ्या शेजारी होते. माझ्या पानातली बुंदी संपली की आणखी वाढायला लावत राहिले.

बोळातली पाटी अजून तशीच आहे, "अज्ञात कारागिरांनी" या शब्दांसह. शिकवणीची मुले तिच्याखाली सायकली लावतात. दुरुस्त मजकूर माझ्याकडे तयार आहे. आबांच्या संमतीशिवाय तो मी लावणार नाही, आणि ती संमती पुन्हा मागण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही.