पाणी मागच्या बाकापासून

मोहिते सर गेल्याचं कळलं तेव्हा मी कोरेगावच्या बाजारात भाजी घेत होतो. लगेच निघायला हवं होतं. पण कुठल्या तोंडानं जाणार? तेरावं उरकल्यावर कवठे महांकाळची एसटी धरली.

सर आम्हाला आठवीला भूगोल शिकवायचे. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी पुस्तक मिटलं आणि वर्गाचाच कालवा केला. पहिलं बाक कालव्याच्या तोंडाशी, शेवटचं पार टेलला, कालव्याच्या शेवटच्या टोकाला. दिवसभर वर्गाला एकच घागर. पुढच्यानं हवं तेवढं घ्यायचं, उरेल ते मागं. आम्ही ऊसवाले, पुढंच बसायचो. मी पोटभर प्यालो आणि माज बघा, वर दोन तांबे घेऊन पाय धुतले! शेवटच्या बाकावर बिरू होता, दुष्काळी महांकाळकडचा, मावशीकडं राहून शिकणारा. त्याच्यापर्यंत रिकामी घागर आली. तो एवढंच म्हणाला, "आमच्याकडं असंच असतंय, सर."

दुसऱ्या दिवशी सरांनी बाकं फिरवली. मी शेवटी. दुपारपर्यंत घशाला कोरड पडली, रडू फुटलं... घरी वडलांना, आबांना, सांगितलं ते अर्धंच. आबा फौजेतले निवृत्त सुभेदार, शाळेच्या कमिटीवर. तिसऱ्या दिवशी कमिटी बसली, मलाही तिथं उभं केलं. आबा गरजले, "मास्तर, पोरगं तहानंनं मारायला धाडलंय व्हय आमी?"

सर म्हणाले, "आदल्या दिवशी काय झालं, ते त्यालाच विचारा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी पाय धुतले, एवढंच सांगायचं होतं. सरांची नोकरी त्यावर अडली होती आणि ते मला पक्कं कळत होतं, इतका काही लहान नव्हतो मी! आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी म्हणालो, "मला न्हाई ठावं."

महिन्याभरात सरांना काढलं. ते बिरूच्या मुलखात गेले आणि तिथंच जन्मभर शिकवत राहिले. मी एकदाही भेटायला गेलो नाही. भ्याडपणा, दुसरं काय!

आता तेराव्यानंतर गेलो, तर त्यांच्या घरी माणसं दाटीनं बसली होती. लांबनं आलेला म्हणून मला पुढं बसवलं. सरांच्या बायकोनं, काकूंनी, पाणी आणलं आणि पार दारात बसलेल्या माणसापासून द्यायला सुरुवात केली. माझ्यापाशी सगळ्यात शेवटी आल्या. मला राहवलं नाही.

"काकू, सरांची नोकरी माझ्यामुळं गेली."

"वळखलं मी तुमास्नी." त्यांनी पेला भरला. "ते म्हणायचे, चूक माझीच. पोराला बापाम्होरं उभं करून विचारायला नको हुतं... घ्या, पाणी घ्या."