जांभळाची बाटली

भैंसा गावातल्या जिनिंग मिलमध्ये कापूस पारखणारे एक गृहस्थ आहेत. शाळेत शिकवून झालं की मी त्यांच्याजवळ चहाला टेकतो. ओलावा मोजायचं यंत्र बाजूलाच असतं, पण ते मूठभर कापूस नाकाशी नेतात आणि म्हणतात, "पानी मारलं याच्यावर." यंत्र मग तेच सांगतं.

जांभळांच्या दिवसांत ते रमनं भरलेल्या बरणीत जांभळं, लवंगा आणि दालचिनी घालून ठेवतात. स्वतः थेंबही चाखत नाहीत, झाकण उघडून नुसतं हुंगतात. "काऊन घाई करून राह्यले? दिवाळी येऊ द्या." दिवाळीला प्रत्येक मित्राला एक बाटली मिळते.

यंदा दसऱ्याला मी दारू सोडली. टिकेल की नाही या धाकानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. आणि दिवाळीला सगळ्यांसारखीच जांभळी बाटली माझ्याही हातात आली. घरी गेल्यावर राहवेना. बूच काढून मोठा घोट घेतला. लवंग होती, दालचिनी होती, पण ते निव्वळ जांभळाचं सरबत होतं.

दुसऱ्या दिवशी विचारलं, "तुमाले कोनं सांगितलं?"

कापसातून नाक वर न काढता ते म्हणाले, "दसऱ्यापासून तुमचा वास बदलला, मास्तर. चांगला येऊन राह्यला."